बेलापूर–पेंधर मेट्रो : गाडी विकल्यानंतरचा अनुभव

खारघरमध्ये स्वतःच्या गाडीशिवाय घर चालतं का, हे आता मला बरेच जण विचारतात. आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन घरांत जुनी गाडी विकावी की अजून चार वर्षं ओढावी यावर वाद चालू आहेत. त्यांना जिन्यात उभ्याउभ्या सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. मेट्रो मला मनापासून आवडली आहे. तिच्यात काय कमी आहे, तेही लिहिणार आहे, कारण गाडी विकणं हा मोठा निर्णय आहे आणि कुणी तो नुसत्या कौतुकावर घेऊ नये.

आमचं घर सेंट्रल पार्क मेट्रो स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर आहे. पुढे जे काही लिहिलंय ते याच एका गोष्टीवर उभं आहे. तेच घर मेट्रोच्या मार्गापासून दोन किलोमीटर आत असतं, तर मी गाडी विकली नसती.

घरात चौघं. मी, नवरा, कॉलेजात जाणारी लेक आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. नवऱ्याचं ऑफिस सीबीडी बेलापूरला, लेकीचं कॉलेज नेरूळला, माझं ऑफिस ठाण्यात नौपाड्यात. मी तिथे एका फर्ममध्ये अकाउंट्स बघते. एमएच-४६ नंबरची पेट्रोल हॅचबॅक होती आणि ती मुख्यतः मीच वापरायचे. सकाळी खारघरमधून सायन-पनवेल हायवे, तुर्भ्याहून ठाणे-बेलापूर रोड, मग महापे, घणसोली, रबाळे, दिघा करत विटाव्याला. विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून जो कुणी रोज गेला असेल त्याला पुढचं सांगायला नको. पावसाळ्यात पुलाखाली पाणी साठतं, गाड्या एकेक करून काढतात, आणि तिथून सुटलात की कळव्याच्या खाडीपुलावर पुन्हा उभे. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. ट्रॅफिकमध्ये लिटरला पंधरा किलोमीटर पडले तरी दिवसाला चार लिटर पेट्रोल, म्हणजे चारशे रुपयांच्या वर. पैशांपेक्षाही मला खुपायचं ते हे की घरातून कितीला निघाले म्हणजे ऑफिसात कितीला पोहोचेन, हे कधीच सांगता यायचं नाही. सव्वा तास म्हणून निघायचं आणि सव्वादोन लागायचे.

आता मेट्रोबद्दल. ही नवी मुंबईची पहिली मार्गिका, बेलापूर टर्मिनल ते पेंधर, ११.१ किलोमीटर, ११ स्टेशनं. बेलापूर टर्मिनल, आरबीआय कॉलनी, बेलपाडा, उत्सव चौक, केंद्रीय विहार, खारघर गाव, सेंट्रल पार्क, पेठपाडा, अमनदूत, पेठाली-तळोजा आणि पेंधर. सिडकोने बांधली, चालवते महामेट्रो. भूमिपूजन १ मे २०११ ला झालं आणि पहिली गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला. म्हणजे माझी लेक पहिलीत जायच्या आधी खांब उभे राहायला लागले आणि ती कॉलेजच्या उंबरठ्यावर आली तेव्हा गाडी आली. त्या साडेबारा वर्षांत खारघरमध्ये हजारो लोकांनी नाइलाजाने गाड्या घेतल्या. त्यात आम्हीही होतो. मेट्रो वेळेवर आली असती तर आमच्या घरात बहुधा गाडी आलीच नसती, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

गाडी तीन डब्यांची, एसी, पूर्ण मार्ग उंचावरून. डबे स्वच्छ आहेत, घोषणा मराठीत नीट ऐकू येतात, आणि सकाळीही निदान उभं राहायला मोकळी जागा मिळते. लोकलच्या सवयीचं माणूस पहिल्यांदा बसतं तेव्हा त्याला हे खरंच वाटत नाही. सेंट्रल पार्कहून बेलापूरला साधारण पाव तास लागतो. तो पाव तास रोज पाव तासच असतो आणि मी भाळले ती याच गोष्टीवर. आरबीआय कॉलनी आणि बेलपाड्याच्या मधे गाडी सायन-पनवेल हायवे ओलांडते. खाली संध्याकाळी लाल दिव्यांची रांग लागलेली असते. पूर्वी मी त्या रांगेत असायचे. वरून ती बघताना मला दर वेळी हायसं वाटतं, आणि खालच्या माणसांबद्दल कळवळाही येतो.

तिकिटाचं सांगते. सुरुवातीला १० ते ४० रुपये होतं. ११ किलोमीटरला ४० रुपये हे तळोज्याच्या माणसाला जड होतं. ७ सप्टेंबर २०२४ पासून दर उतरवले: चार किलोमीटरपर्यंत १०, आठपर्यंत २०, त्यापुढे ३०. सेंट्रल पार्क ते बेलापूर मला २० पडतात. पेंधर ते बेलापूर ३०. हेच अंतर रिक्षाने मीटरवर केलं तर काय होतं तेही मी काढलं: १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ आणि पुढे किलोमीटरला १७.१४, म्हणजे साधारण १९० रुपये. तळोजा फेज टू मध्ये सिडकोची घरं लागलेली हजारो कुटुंबं आहेत. त्यांच्या महिन्याच्या हिशेबात ३० आणि १९० हा फरक फार मोठा आहे. माझ्या ऑफिसातली एक मुलगी तिथे राहते. ती म्हणाली, "ताई, दर उतरले आणि मी घरी सांगितलं, आता स्कूटीचं नाव काढू नका."

किती मिनिटांनी गाडी येते, हा या मेट्रोतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. सुरू झाली तेव्हा सरसकट १५ मिनिटांनी होती. २०२४ पासून गर्दीच्या वेळी १० मिनिटांनी झाली. कागदावर पाच मिनिटांचाच फरक. पण माझा पुढे लोकलचा टप्पा आहे, आणि दोन वाहनांच्या मधला वेळ हाच गाडी नसलेल्या माणसाचा खरा प्रवास असतो. मेट्रो पंधरा मिनिटांनी असताना ती चुकली की बेलापूरची लोकल चुकायची, लोकल चुकली की ऑफिसात उशीर. दहा मिनिटांवर आल्यावर मी घड्याळ बघून निघणं सोडलं. दुपारी अजूनही पंधरा मिनिटं थांबावं लागतं आणि ते जाणवतं, विशेषतः सासूबाई बरोबर असताना. गर्दी नसलेल्या वेळीही ती दहावर आणावी, अशी माझी मागणी आहे. दुपारी गाडी रिकामी जाते म्हणून फेऱ्या कमी, आणि फेऱ्या कमी म्हणून लोक दुपारी येत नाहीत. हे चक्र प्रवाशांना तोडता येणार नाही, ते चालवणाऱ्यांनीच तोडायला हवं.

बेलापूरला उतरून रेल्वे स्टेशनात चालत जाता येतं. तिथून पनवेल-ठाणे लोकल मिळाली तर थेट ठाणे. ती लगेच नसेल तर मी सीएसएमटीकडे जाणारी पकडते आणि नेरूळला उतरून तिथून सुटणारी ठाणे लोकल घेते. ती नेरूळहूनच निघत असल्यामुळे लेडीज डब्यात बसायला जागा मिळते. ठाण्याला जाणाऱ्या बायकांना मी हे आवर्जून सांगते, कारण थेट गाडीच्या हट्टापायी बऱ्याच जणी पनवेलहून भरून आलेल्या डब्यात लोंबकळत जातात. ठाण्याला जाणारी ही ट्रान्स-हार्बर मला मुंबईच्या सगळ्या लोकलमधली शहाणी लाइन वाटते. २००४ मध्ये ती सुरू होण्याआधी ठाण्याचा माणूस वाशीला जायचा तर बसने तरी, नाहीतर कुर्ल्याला वळसा घालून. आज तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली आणि २०२४ पासून दिघा गाव, असं सगळं औद्योगिक पट्ट्याला धरून जातं. जिथे माझी गाडी अडकायची नेमक्या त्याच रस्त्याला समांतर. पास रेलवन ॲपवर निघतो. मेट्रोचं तिकीट मी मुंबई वन ॲपवरून काढते. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या या ॲपवर ११ सेवांची तिकिटं एका जागी मिळतात, त्यात आपली मेट्रो, नवी मुंबईची बस एनएमएमटी आणि ठाण्याची टीएमटीही आहे. खिडकीवर सुट्या पैशांसाठी उभं राहणं संपलं.

ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर उतरल्यावर पुढचं सगळं पायी. गोखले रोडने ऑफिस दहा-बारा मिनिटं. गाडी होती तेव्हा नौपाड्यात पार्किंग शोधण्यात जेवढा वेळ जायचा त्यापेक्षा हा वेळ कमी आहे, हे मी अगदी जबाबदारीने सांगते. संध्याकाळी थोडी वाकडी वाट करून जांभळी नाक्याला जाते आणि भाजी घेऊन येते. मेथी, चवळई, पावसात शेवळं, टाकळा, कंटोळी. खारघरच्या दुकानात मिळते त्याहून ताजी आणि बऱ्यापैकी स्वस्त. पण गाडीच्या डिकीत चार पिशव्या टाकायची सवय मोडावी लागली. आता रोज थोडं आणायचं, खांद्याला जेवढं पेलेल तेवढंच. तांदूळ, तेल, पीठ, साबण या जड वस्तू कोपऱ्यावरच्या वाण्याकडून घरपोच येतात. तो पूर्वीही द्यायचा, आम्हीच मॉलला जायचो.

आता ज्या भागाबद्दल मला सगळ्यात तळमळून लिहायचंय तो. स्टेशनच्या जिन्यापासून घराच्या दारापर्यंतचा रस्ता.

खारघरचे रस्ते रुंद आहेत, झाडं आहेत, सेक्टरची आखणी व्यवस्थित आहे. सिडकोने फूटपाथही दिलेत. पण त्या फूटपाथवर चालता येतंय का, हे गाडीतून कधीच कळत नाही. चालायला लागल्यावर कळलं. कुठे लाद्या उखडलेल्या, कुठे दुचाक्या वर चढवून ठेवलेल्या, कुठे कुणाच्या तरी दुकानाचा रॅम्प मधेच उतरलेला, कुठे झाकण नसलेलं चेंबर. दर वीस पावलांवर खाली उतरा, परत चढा. मला ते जमतं. सासूबाईंना जमत नाही, बाबागाडी घेऊन निघालेल्या बाईला जमत नाही. मेट्रो स्टेशनवर लिफ्ट आहे, सरकता जिना आहे, आत सगळं चकचकीत आहे. आणि त्या लिफ्टपर्यंत पोहोचायला म्हाताऱ्या माणसाला गाड्यांच्या मधून रस्त्यावरून चालावं लागतं. कोट्यवधी रुपयांच्या मार्गाला पाचशे मीटरच्या नीट फूटपाथची जोड नसेल तर निम्मी माणसं घरातच राहतात. प्रत्येक मेट्रो स्टेशनच्या चारही बाजूंना अर्धा किलोमीटर फूटपाथ दुरुस्त करून मोकळा ठेवा, एवढं एक काम झालं तरी खारघरमधल्या किती घरांतली दुसरी गाडी कमी होईल! पहिलीचं नंतर बघू.

इथे एक व्यवस्थेचा घोळही समजून घ्यायला हवा. खारघर २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहे. बस मात्र नवी मुंबई महापालिकेची, म्हणजे एनएमएमटी. मेट्रो सिडकोची. लोकल रेल्वेची. आमच्या घरापासून ठाण्याच्या ऑफिसपर्यंत चार यंत्रणा, आणि एकीच्या वेळापत्रकाचा दुसरीशी संबंध नाही. मेट्रो खारघर रेल्वे स्टेशनला जात नाही, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो विश्वास ठेवत नाही. खारघर नावाचं स्टेशन आणि खारघरमधली मेट्रो एकमेकींना भेटतच नाहीत. त्यामुळे पनवेलकडे जायचं असेल तर आधी रिक्षा किंवा बसने खारघर स्टेशन, मग लोकल. बेलापूरला उलटं जाऊन परत येण्यात अर्थ नाही.

रिक्षांबद्दल खारघरकरांना वेगळं सांगायला नको. मीटर टाकायला सांगितलं की बरेच जण मान फिरवतात. शेअर रिक्षा आहेत, त्या ठरलेल्या रस्त्यानेच जातात. आम्ही यावर एक साधा मार्ग काढला. आमच्या नाक्यावरच्या स्टँडवर एक रिक्षावाले काका आहेत. सासूबाईंना नेरूळच्या हॉस्पिटलात तपासणीला न्यायचं असतं तेव्हा आदल्या दिवशी त्यांना फोन करते. ते खाली येऊन थांबतात, सासूबाईंचा हात धरून बसवतात, दर ठरलेला असतो. ॲपवरच्या टॅक्सीचा मी भरवसा धरत नाही. डॉक्टरांची वेळ दहाची आणि पावणेदहाला राइड रद्द, असं झालं तेव्हा सासूबाई गेटजवळच्या बाकावर उन्हात बसून होत्या. त्या दिवसापासून दवाखान्यासाठी काकाच.

सासूबाईंचा गाडी विकायला सगळ्यात जास्त विरोध होता. "घरात म्हातारं माणूस असताना गाडी काढून टाकतात का गं?" असं त्या चार-चारदा म्हणायच्या, आणि त्यांची काळजी रास्त होती. रात्री-बेरात्री काही झालं तर? त्यावर आम्ही घरात बसून नीट बोललो. १०८ ची रुग्णवाहिका आहे, जवळच्या हॉस्पिटलच्या रुग्णवाहिकेचा नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात लावलाय, आणि शेजारच्या भाऊंनी स्वतःहून सांगितलं की रात्री कधीही बेल वाजवा. शिवाय रात्री दोन वाजता घाबरलेल्या अवस्थेत मी किंवा नवऱ्याने गाडी चालवावी, यापेक्षा रुग्णवाहिका बरी, हे त्यांनाही पटलं. आज त्या सकाळी लेकीबरोबर मेट्रोने एक स्टेशन जातात, खारघर गावला उतरून परतीच्या गाडीने सेंट्रल पार्कला येतात आणि बागेत मैत्रिणींबरोबर बसतात. वीस रुपयांत फिरणं होतं म्हणतात. डोंगर दिसतो, गार वाटतं. गाडीत मागे बसून त्यांना हे कधी मिळालं नव्हतं, कारण गाडी कायम कुठल्या तरी कामाला निघालेली असायची.

कोकणातल्या माणसाची गाडी विकायची खरी परीक्षा गणपतीत असते. सासर चिपळूणजवळचं. आजवर आम्ही गाडीनेच जायचो, आणि मुंबई-गोवा महामार्गाची अवस्था ज्यांनी भोगलीय त्यांना त्या प्रवासाबद्दल काय सांगू? आता पनवेलहून कोकण रेल्वे. मांडवी किंवा जनशताब्दी, दोन्ही पनवेलला थांबतात, चिपळूणलाही. मात्र आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते एकशेवीस दिवस होतं. २०२५ ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी आठच्या ठोक्याला लॉगिन करून बसायचं. लेकीने आणि नवऱ्याने दोन मोबाइलवरून प्रयत्न करून तिकिटं मिळवली. नाही मिळाली तर गणपती स्पेशल गाड्या असतात आणि एसटीच्या जादा बस सुटतात. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत. म्हणजे आमच्या चौघांत दोघींचं अर्धं, एकीचं काहीच नाही आणि फक्त नवऱ्याचं पूर्ण. २०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेने कोलाड ते गोव्यातलं वेर्णा मोटारी रेल्वेवर चढवून न्यायची सोय काढली होती. रस्त्याची हालत किती टोकाला गेलीय ते यावरून समजतं: माणसं आपल्या गाडीला तिकीट काढून रेल्वेने नेतात.

गावात मात्र गाडीची उणीव भासली, हे प्रामाणिकपणे सांगते. वाडीवाडीत गणपती बघायला जायचं, आत्यांकडे जायचं, तेव्हा दिराच्या गाडीवर अवलंबून राहावं लागलं. पुढच्या खेपेला तिथेच एक दिवस गाडी भाड्याने घेणार आहोत. वर्षातून दोन-तीन दिवसांच्या गरजेसाठी उरलेले दिवस गाडी सांभाळायची नाही, हा हिशेब आम्हाला पटतो.

गाडी विकताना काय करायचं हे फार कुणी सांगत नाही, म्हणून थोडं लिहिते. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून डीलरच्या हातात दिलं म्हणजे संपलं, असं समजू नका. हस्तांतराची माहिती विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला द्यायची असते. परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून नवीन मालकाचं नाव चढलंय का, हे तोवर बघत राहायचं. ते चढेपर्यंत कायद्याच्या नजरेत गाडी तुमचीच, आणि ई-चलान तुमच्याच मोबाइलवर. फास्टॅग ज्या बँकेचा असेल तिला सांगून बंद करा, नाहीतर दुसऱ्याचा टोल तुमच्या खात्यातून जाईल. आणि विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीचं, पत्र मागून घ्या. ते मिळतं हेच अनेकांना ठाऊक नसतं. बोनस पन्नास टक्क्यांपर्यंत असू शकतो आणि पत्र तीन वर्षं चालतं, म्हणजे त्या काळात पुन्हा गाडी घ्यावी लागली तर विमा स्वस्त पडतो. मी ते पत्र फाइलमध्ये लावून ठेवलंय. सासूबाईंची तब्येत, लेकीची पुढची नोकरी, काहीही बदलू शकतं. परत गाडी घ्यावी लागली तर घेऊ, त्यात कमीपणा नाही.

पैशांचा मोठा वाटा पेट्रोलचा असतो असं वाटतं, पण उभ्या गाडीचा खर्चही कमी नसतो. १००० ते १५०० सीसीच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमाच ३,४१६ रुपये, त्यावर जीएसटी, त्यावर ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा प्रीमियम, मग सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी, पीयूसी, सोसायटीचं पार्किंग. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही टोलनाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल माफ झाला तेव्हा बिल्डिंगमधले एक काका म्हणाले, "वहिनी, आता कशाला विकता, टोल तर गेला!" पण आमचा खर्च टोलमुळे नव्हताच. रोज चार लिटर पेट्रोल आणि तीन-साडेतीन तास, तो खर्च होता.

मेट्रोत उणिवा आहेतच. रात्री दहाच्या सुमारास सेवा आटपते. ठाण्यात गडकरी रंगायतनला नाटक बघून यायचं म्हटलं तर बेलापूरला उतरल्यावर मेट्रो नसते, रिक्षाच करावी लागते, आणि त्या वेळी रिक्षावाला सांगेल तो दर. नाट्यगृहातला पडदा आणि मेट्रोची शेवटची गाडी यांची वेळ जुळायला हवी. मार्च-एप्रिलला ऑफिसात उशीर होतो तेव्हा हीच अडचण. रविवारी मेगाब्लॉक असला तर ट्रान्स-हार्बर दुपारी बंद, त्यामुळे ठाण्यातल्या माहेरी जायचं तर सकाळी लवकर निघावं लागतं. पावसाळ्यात छत्री, रेनकोट आणि बुटांची एक जादा जोडी ऑफिसच्या कपाटात ठेवलीय. लेकीने पाठीवरच्या सॅकला पावसाचं कव्हर घेतलं.

आणि मार्ग अजून अपुरा आहे. कळंबोली-खांदेश्वरकडे जाणारे पुढचे टप्पे आराखड्यात आहेत. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणं सुरू झाली. आमच्या गच्चीवरून विमानं दिसतात, पण मेट्रोने तिथे जाता येत नाही. पहिल्या मार्गाला लागली तेवढी वर्षं पुढच्या टप्प्याला लागली तर कळंबोलीत आज घर घेणारं तरुण जोडपं गाडीचं कर्ज काढणारच. त्यांना दोष कसा द्यायचा?

पाचपैकी चार तारे देते. कापलेला एक तारा गाडीच्या डब्यातल्या कशासाठी नाही. तो बाहेरच्या फूटपाथसाठी, रात्रीच्या वेळेसाठी आणि खारघर स्टेशनशी नसलेल्या जोडणीसाठी.

विकायचा विचार असलेल्यांनी आधी महिनाभर गाडीची किल्ली कुलपात ठेवावी आणि सगळी कामं तिच्याशिवाय करून बघावी. त्यात एक दवाखाना, एक लग्न आणि शक्य असेल तर एक जोरदार पावसाचा दिवस येऊ द्यावा. घर मेट्रोपासून दहा मिनिटांच्या चालीत असेल, घरात लोकलने जाणारं किमान एक माणूस असेल, आणि नाक्यावर भरवशाचे एखादे रिक्षावाले काका असतील तर जमतं. रात्रपाळीची नोकरी असेल, घरात व्हीलचेअर असेल किंवा कामाच्या जागा रोज बदलत असतील तर सध्या गाडी ठेवा. पेंधरच्या पुढे तळोजा फेज टू मध्ये आत राहणाऱ्यांना माझं वेगळं सांगणं आहे. तुमच्यासाठी मेट्रो स्टेशनवरून वसाहतीत जाणारी, मेट्रोच्या वेळेला धरून सुटणारी बस हवी. ती सोसायट्यांनी मिळून लेखी मागा. आमच्या सोसायटीने सेंट्रल पार्क ते खारघर रेल्वे स्टेशन अशा बससाठी पत्र तयार केलंय, त्याचा मसुदा मागणाऱ्याला मी पाठवीन. त्यातलं स्टेशनचं नाव बदलायचं आणि खाली सह्या घ्यायच्या.